वैराचं पाणी

‘संगम’चं गणित डहाणूपासून वेंगुर्ल्यापर्यंत बरोबर यायचं आणि नेमकं प्रणिता सारंगच्या गावासमोर चुकायचं. एखाद्या वर्षी चुकलं असतं तर कोणी विचारलंही नसतं. पण सलग पाच वर्षं ‘संगम’ सांगत होता की देवखोलसमोरचा बांगडा संपला, आणि सलग पाच वर्षं देवखोलच्या बायका पाट्या भरभरून बांगडा विकत होत्या. ‘सागरमान’ संस्थेत यावरून प्रणिताची यथेच्छ थट्टा व्हायची. “मॅडम, तुमच्या माहेरचे मासे आपले अहवाल वाचत नाहीत वाटतं,” असं संचालक कर्णिक म्हणाले की सगळी बैठक हसायची, आणि प्रणिता दात आवळून वहीत रेघोट्या ओढत बसायची.

‘संगम’ ही काही जादू नव्हती. पूर्वी समुद्राचं गणित काही माणसं मांडत, होड्यांचं दुसरी आणि बाजाराचं तिसरीच. समुद्रवाले पाण्याचं तापमान घेत, उपग्रहातून पाणी किती हिरवं दिसतं ते पाहत, त्यावरून पाण्यातल्या सूक्ष्म वनस्पती किती, त्यांच्यावर जगणारी तारली आणि बांगडा किती, त्यांना खाणारी सुरमई किती, एवढं सांगून मोकळे होत. बाजारवाले भाव सांगत. पण मासळी कमी झाली की भाव चढतो, भाव चढला की जास्त होड्या त्याच मासळीच्या मागे लागतात, मासळी आणखी घटते, भाव आणखी चढतो. हे फिरत राहणारं चक्र कुठल्याच एका गणितात दिसत नव्हतं. ‘संगम’ने तिन्ही गणितं एकमेकांना बांधली. आणि २०३९ साली त्याची गरजही होती, कारण मासळी पाण्यात असतानाच तिच्यावर बोली लागायला लागली होती. मासळीची भुकटी करणाऱ्या फिशमीलच्या कारखान्यांची यंत्रं अंदाज घेऊन आधीच भाव बोलत; होडीवरच्या पडद्यावर भाव आधी झळके आणि जाळं नंतर पडे.

या सगळ्या डोलाऱ्याच्या तळाशी एकच समजूत होती: जिथे फायदा, तिथे माणूस जाणार. प्रणिताने ती समजूत शंभर वेळा वाचली होती आणि शंभर वेळा तिला त्यात काही वावगं दिसलं नव्हतं.

श्रावणातल्या एका दुपारी तिने होड्यांच्या मार्गांचा नकाशा उघडला. प्रत्येक होडीवर आता मागोवा घेणारी डबी सक्तीची होती, त्यामुळे कुठली होडी कुठे फिरली याच्या निळ्या रेघांनी सगळा समुद्र गिरमिटून गेला होता. फक्त देवखोलच्या खाडीच्या तोंडाशी अडीच चौरस किलोमीटरचा एक तुकडा कोरा होता. एक रेघ नाही. हा कोरा तुकडा पाच वर्षं तिच्या डोळ्यांसमोर होता. तो कोरा का, हे तिला इतकं पाठ होतं की ते गणितात घालायचं असतं, हे तिच्या डोक्यातच आलं नव्हतं. दुसऱ्या कुठल्या गावची असती तर पहिल्याच दिवशी तिने विचारलं असतं. गाव त्याला ‘वैराचं पाणी’ म्हणत असे.

खाडीच्या उत्तरेला देवखोल, दक्षिणेला पांगारवाडी. देवी एक, आडनावं एक, पूर्वी सोयरीकही होती. देवखोलने किनाऱ्यावरून ओढायची रापण धरून ठेवली, पांगारवाडीने मोठ्या यांत्रिक होड्या आणि थवाच्या थवा घेरून उचलणारी पर्ससीन जाळी घेतली. अठरा वर्षांपूर्वी पांगारवाडीच्या होडीने खाडीच्या तोंडाशी देवखोलची रापण फाडली. प्रणिताचे वडील जयराम सारंग लहान होडी घेऊन आडवे गेले, आणि मोठी होडी त्यांच्यावरून गेली. प्रेत तिसऱ्या दिवशी सापडलं. त्या होडीचा तांडेल, म्हणजे म्होरक्या, होता अंकुश; आडनावही तांडेलच. कोर्टात पुराव्याअभावी सुटला. तेव्हापासून त्या पाण्यात कोणीही शिरलं की दोन्ही काठांवरून दगड आणि जाळ्याची शिशाची वजनं सुटत. दोन्ही गावं एकमेकांवर दिवसरात्र पहारा ठेवून होती, त्यामुळे शिरणारं कोणी उरलंच नव्हतं; पहारेकऱ्यांच्या आपसातल्या दगडफेकीत मात्र डोकी फुटतच.

तिने ‘संगम’मध्ये नवी राशी घातली आणि तिला सरळ नाव दिलं: भीती. जिथे फायदा तिथे माणूस जातो, पण भीती फायद्याहून मोठी असेल तर जात नाही. किती मोठी, ते रेघांवरून काढलं. गणित चालवलं आणि पाच वर्षांची चूक साफ विरघळली. खाडीतून वाहून येणाऱ्या खाद्यावर बांगड्याची पिल्लं त्या कोऱ्या तुकड्यात सहा आठवडे वाढत होती, आणि मोठी होऊन तीस-चाळीस किलोमीटरचा किनारा जगवत होती. दोन गावांच्या द्वेषाने तिथे राखीव क्षेत्र तयार केलं होतं.

प्रणिताला इतका आनंद झाला की तिने टेबलावर हात आपटला. कर्णिकांचं तोंड कसं होईल, याचं चित्र ती रंगवत होती तेवढ्यात फोन वाजला. रमाकांत, तिचा थोरला भाऊ.

“बाये, बसलंस काय? बस मगे. अंकुश तांडेलान निरोप धाडल्यान.”

“कसलो निरोप?”

“समेट करूचो म्हणता. रापणीच्या पयल्या दिवशी आपल्या किनाऱ्यार येतलो, सगळ्यांसमोर कबूल करतलो आणि दोरीक हात लावतलो. लकवो मारलोहा त्येका. मरायच्या आधी मोकळो होवक बघता.” मग रमाकांत हळू म्हणाला, “अठरा वर्सा झाली गो. माका पण आता नीज होयी.”

दोरीला हात लावणं म्हणजे काय, हे रापणीच्या गावातल्या माणसाला समजावून सांगावं लागत नाही. होडी समुद्रात अर्धवर्तुळात जाळं सोडत जाते, जाळ्याची दोन टोकं किनाऱ्यावर येतात आणि साठ-सत्तर माणसं ती ओढतात. ज्याचा हात दोरीला लागला, त्याला मासळीचा वाटा. पाहुणा असो, भिकारी असो, वाट चुकलेला पर्यटक असो. दोरीवरचा हात कोणी कधी काढायला लावत नाही. तो माणूस त्या दिवसापुरता घरचाच होतो. शत्रूचा हात दोरीला लागला तर तो शत्रू राहत नाही.

प्रणिता स्वच्छतागृहात जाऊन पोटभर रडली. त्या माणसाच्या तोंडून एक वाक्य ऐकायला तिने अर्धं आयुष्य वाट पाहिली होती. तोंड धुऊन ती जागेवर आली आणि, सवयच ती, तिने भीतीच्या जागी शून्य टाकलं.

पहिल्या हंगामात बांगडाच बांगडा. कारखान्यांच्या बोल्या वेड्यासारख्या चढलेल्या, दोन्ही गावांत दिवाळी. दुसऱ्या हंगामात निम्मा. तिसऱ्यात दहावा हिस्सा, पाठोपाठ सुरमई गेली, मग जाळ्यात जेलीफिश. पुढची वीस वर्षं रेघ सपाट.

तिने दुसरे मार्ग घालून पाहिले. सरकारी गस्त: चौदा महिने टिकली, कारण गस्तीवाल्याला खूश करता येतं. आपापसातला शब्द, की दोघांनीही तिथे जाळं टाकायचं नाही: पाच महिने. शेजाऱ्याने टाकलं असेल असा नुसता संशय आला की आपलंही जाळं पडतं. वैर मात्र तीस वर्षं चालवलं तरी टिकत होतं. त्या तक्त्याच्या तळाशी एक रकाना होता. दर वर्षी गंभीर दुखापती: एक पूर्णांक तीन. दशांशचिन्हापुढचं ‘तीन’ म्हणजे माणसाचं नेमकं काय, हे काही ‘संगम’ सांगत नव्हता.

कर्णिकांनी आलेख दोन तास पाहिला. या वेळी ते हसले नाहीत.

“अहवालात काय लिहू? मारामाऱ्या चालू ठेवाव्यात?”

“राखीव क्षेत्राचा प्रस्ताव पाठवा, सर.”

“पाठवतो की. मंजुरीला सहा वर्षं. तुमच्या आलेखात तीनच आहेत.” त्यांनी चष्मा काढून पुसला. “एक सांगू का, प्रणिता? ही पहाऱ्याची सोय आपल्याला डिझेलशिवाय मिळते आहे. मी काही सुचवत नाही हं. तुम्ही गावच्या आहात, तुम्हाला जास्त कळतं.”

काही सुचवत नाही म्हणून सगळं सुचवणाऱ्या माणसाचा तिला मनस्वी संताप आला. त्याहून संताप स्वतःचा आला. भीतीचा आकडा तिनेच काढला होता. मधली वर्षं वगळून, उलटसुलट करून तिने तो सहा वेळा तपासला, सहाही वेळा तोच आला. तरी जयराम सारंगची मुलगी वैर हवंच म्हणते आहे, हे ऐकायला कसं वाटतं, ते तिला कळत होतं. गणिताच्या आडून मी माझंच उट्टं काढते आहे काय, या प्रश्नाला ‘संगम’कडे रकाना नव्हता.

आठवड्याने ती देवखोलला गेली. रमाकांत पडवीत बसून जाळ्याची गाठ बांधत होता. पन्नाशी उलटलेला माणूस, पण समेटाच्या बातमीने दहा वर्षांनी लहान दिसत होता.

“दादा, समेट करा. पण ता पाणी उघडू नकात.”

“मगे समेट कसलो?” तो हसला. “ता पाणी अर्धा अर्धा, ह्याच तर ठरलाहा. तांडेल काय नुसती चाय पिवक येता?”

तिने पिल्लांचं सांगितलं, तीन हंगामांचं सांगितलं. भीतीचं मात्र गाळलं. तेवढं सांगायला तिची जीभ वळली नाही. तोपर्यंत शेजारचे चार जण जमले होते.

“आमी जाळ्यान धरतो, तू गणितान धर,” एकजण म्हणाला आणि पडवी हसली.

“पाच वर्सा तुझा गणित सांगता बांगडो संपलो म्हणून,” दुसरा म्हणाला. “कालच माझ्या बायलेन दोन पाट्ये विकल्यान. त्येंका पण संपलेले म्हणायचे?”

चुकीची पाच वर्षं तिच्याच नावावर होती. रमाकांत तिला दारापर्यंत सोडायला आला.

“तुका बाबांचा दुख आजून असा, माका कळता,” तो हळू म्हणाला. “पण माझ्यासाठी तरी त्या दिवशी गप रव.”

रापणीचा पहिला दिवस उजाडला. अख्खं देवखोल किनाऱ्यावर होतं, आणि अठरा वर्षांत पहिल्यांदा पांगारवाडीची चाळीस-पन्नास माणसंही. अंकुश तांडेलला दोघांनी धरून आणलं होतं. एकेकाळी होडीच्या पुढच्या टोकाला, नाळेवर उभा राहून शिव्या देणारा हा धिप्पाड माणूस. आता उजवी बाजू लोंबत होती आणि अंग सदऱ्यात हरवलं होतं. त्याने बोलायला सुरुवात केली तेव्हा लहान मुलंसुद्धा पुढे सरकली.

“माका जयराम दिसलो होतो,” तो म्हणाला. शब्द जड येत होते, पण स्पष्ट होते. “होडी वळवूक येय होती. मी वळवलंय नाय. कोर्टात खोटा बोललंय. माज्या हातान झाला ता.”

वाक्य आलं. प्रणिताला वाटलं होतं, हे ऐकल्यावर काहीतरी होईल. जमीन फाटेल किंवा छाती हलकी होईल. तिला फक्त त्या म्हाताऱ्याच्या ओठाच्या कोपऱ्यातून गळणारी लाळ दिसली, आणि ती पुसावी असं वाटलं. द्वेष नव्हता. तिने मनात सगळीकडे शोधला. अठरा वर्षं जपलेली गोष्ट ऐन वेळी जागेवर नव्हती.

तांडेलने डावा हात पुढे केला आणि दोरी धरली. रमाकांत रडत होता. पांगारवाडीच्या बायका पदर डोळ्यांना लावत होत्या. पलीकडे त्यांच्या मोठ्या होड्या नांगरलेल्या होत्या, आणि उद्या त्या कुठे जाणार हे सगळ्यांना माहीत होतं.

प्रणिता पुढे झाली. लोकांनी वाट करून दिली. त्यांना वाटलं, पोरगी पाया पडणार. तिने तांडेलचा हात धरला आणि दोरीवरून एकेक बोट सोडवायला सुरुवात केली. आधी करंगळी, मग तिच्या शेजारचं. त्याला वाटलं, ती हात हातात घेते आहे. तो कसनुसा हसला. मग त्याला कळलं.

“माज्या बाबांका तीन दीस पाण्यात ठेवलंस,” ती म्हणाली. आवाज शेवटच्या माणसापर्यंत जाईल असा तिने लावला होता. “ह्या दोरीक तुझो हात लागाचो नाय. तुझो नाय, तुझ्या झिलाचो नाय, पांगारवाडीच्या एकाचो पण नाय. ह्यो वाटो मी कुत्र्यांका घालीन.”

शेवटचं बोट सुटलं आणि तांडेलचा हात खाली पडला. मग पांगारवाडीच्या घोळक्यातून कोणीतरी शिवी दिली, देवखोलच्या घोळक्यातून तिला उत्तर गेलं, आणि अठरा वर्षं पाठ असलेलं सगळं दोन्ही बाजूंना झरझर आठवलं. तांडेलच्या मुलाने बापाला खांद्यावर टाकलं आणि जाताना तो वाळूवर थुंकला. रमाकांत दोरी धरून तसाच उभा होता. त्याने बहिणीकडे पाहिलंसुद्धा नाही.

महिनाभरात तांडेल गेला. पांगारवाडीने त्याचं मरण देवखोलच्या माथी मारलं, आणि पहारे दुप्पट झाले. खाडीच्या तोंडाशी एकही होडी फिरकली नाही. मार्गशीर्षात बांगडा असा आला की पाट्या पुरेनात. ‘संगम’चा आकडा आणि बाजारातला आकडा शंभरात दोनाच्या फरकाने जुळले, आणि देवखोलच्या बायका प्रणिताला कधी नव्हे ती हाक मारू लागल्या. बापाची खरी लेक, असं तिचं नाव झालं होतं. तिला ते ऐकवत नसे.

त्याच महिन्यात रमाकांत पहाऱ्यावर असताना पलीकडून आलेलं शिशाचं वजन त्याच्या डोळ्यावर बसलं.

ती रुग्णालयाच्या जिन्यात असताना कर्णिकांचा फोन आला. आवाजात उत्साह मावत नव्हता.

“अभिनंदन! आकडे पाहिले. आता पुढचं बोलू. किनाऱ्यावर पिल्लं वाढतात अशा आणखी अकरा जागा सापडल्यात. अडचण एकच, तिथे गावांचं आपसात बरं चाललंय.” ते थांबले. “तुमच्याकडे सुरुवात नेमकी कशातून झाली, त्याचं काही सूत्र मांडता येईल का?”

“माझ्या बापाच्या मरणातून,” प्रणिता म्हणाली आणि तिने फोन बंद केला.

रमाकांत खाटेवर टेकून बसला होता. डाव्या डोळ्यावर जाड पट्टी. त्या दिवसानंतर पहिल्यांदाच त्याने तिला नावाने हाक मारली आणि जवळ बसायला सांगितलं. तिने आणलेला जेवणाचा डबा उशाशी ठेवला.

“डोळो गेलो म्हणतत डॉक्टर. जावंदे.” त्याने तिचा हात धरला. “तुका एक सांगूचा होता. त्या दिवशी तू बरा केलंस. मी इसारलंय होतंय गो. म्हातारपण इला काय माणूस कोणाकय माफ करूक बघता. तू एकट्यान बाबांची लाज राखलंस.”

हे तिला सहज घेता आलं असतं. मान हलवायची, डोळे पुसायचे. भाऊ परत मिळाला असता आणि कोणाचंच काही बिघडलं नसतं. पण त्याचा एक डोळा तिच्याकडे इतक्या विश्वासाने पाहत होता की तिला खोटं बोलणं जमलं नाही.

“दादा, माझ्या मनात त्या टायमाक कायच नव्हता. माका तांडेलाची दया येय होती.”

“मगे?”

तिने सांगितलं. या वेळी काही गाळलं नाही. कोरा तुकडा, भीती, शून्य टाकल्यावर काय झालं, गस्तीचे चौदा महिने, शब्दाचे पाच. चाळीस वर्षं समुद्रावर काढलेल्या माणसाला ते कळायला वेळ लागला नाही. त्याचा हात तिच्या हातातून कधी निघून गेला, हे तिलाही समजलं नाही.

“म्हणजे बांगड्यांसाठी,” तो म्हणाला.

“होय.”

“आणि ह्या?” त्याने पट्टीकडे बोट केलं. “ह्या पण गणितात होता?”

तिने उशाशी ठेवलेला डबा सरळ केला. तो वाट पाहत राहिला.

“वर्साक एक पूर्णांक तीन,” ती शेवटी म्हणाली.

“मगे मी त्यातलो एक, की वरचो तीन?”

रमाकांतने नजर छताकडे वळवली. बोलला तेव्हा त्याचा आवाज, होडीवर जाळं सोडायचा हुकूम देताना असायचा तसा, कोरडा होता.

“कोणाकोणाक सांगलंस?”

“गावात कोणाक नाय.”

“सांगू नको. तू समेट गणितासाठी मोडलंस ह्या कळला तर दोन्ही गावा उद्या गळ्यात गळो घालतीत. शिमग्यापर्यंत ता पाणी साफ होतला आणि माझो डोळो फुकट जातलो.” त्याने पट्टी चाचपली. “मी ह्यो डोळो सगळ्यांका दाखवत फिरतलंय, मरापर्यंत. तुझ्या गणिताक भीती होयी ना? ती मी पुरवतंय.”

“दादा...”

“पण तू आता माझ्या दाराक येव नको. पांगारवाडीवाल्यांवरचो राग यापुढे माका वरवर दाखवूचो लागतलो. खरो राग तुझ्यार असा.”

तो भिंतीकडे वळून आडवा झाला. प्रणिता उठून दारापर्यंत गेली, तेव्हा मागे न वळता तो म्हणाला, “डबो घेवन जा.”